आनंदाचे सात शब्द आणि मखमली कोट

मी सत्तावीस वर्षं लोकांना इंग्रजीतून आनंदी व्हायला शिकवलं. मराठीतून किंवा कानडीतून आनंदी कसं व्हायचं हे मला तेव्हाही नीट ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. इंग्रजीतून मात्र मी ते हमखास जमवून देत असे. तीन महिन्यांचा कोर्स, आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात.

माझा स्पोकन इंग्लिशचा वर्ग म्हैसुरात सरस्वतीपुरमला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर भरत असे. गिरणी सुरू झाली की फळा थरथरायचा आणि बोलणाऱ्याला ओरडल्याशिवाय गत्यंतर नसायचं. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांचा आवाज फार खणखणीत होता. मुलाखत घेणारे त्याला आत्मविश्वास म्हणत. काम गिरणीचं आणि नाव माझं, असा तो मामला होता. घरी जाताना सगळ्यांच्या केसांवर पीठ असायचं, त्यामुळे विशीतली पोरंसुद्धा अनुभवी दिसायची.

बाहेरच्यांना वाटतं, स्पोकन इंग्लिश म्हणजे व्याकरण. तसं काही नसतं. माझ्याकडे येणारा माणूस शाळेत दहा वर्षं व्याकरण घोटून आलेला असे. त्याला सगळे काळ पाठ असत, फक्त तोंड उघडत नसे. ते उघडणं हा माझा धंदा. आणि त्यात सगळ्यात अवघड होता आमचा चौदावा धडा, ‘आनंद आणि यश’. मुलाखतीत काहीही विचारोत, दोन प्रश्न टळत नाहीत: तुम्हाला कशाने आनंद होतो, आणि तुम्ही आजवर काय मिळवलंत. या दोन प्रश्नांना आमची माणसं जितकी घाबरत तितकी गणितालाही घाबरत नसत.

म्हणून मी भिंतीवर एक तक्ता लावला होता. शिडीचं चित्र, सात पायऱ्या, प्रत्येक पायरीवर आनंदाचा एक शब्द. खालून ग्लॅड, हॅपी, प्लीज्ड, मग डिलाइटेड, थ्रिल्ड, ओव्हरजॉइड आणि अगदी वर फुलफिल्ड. कळावं म्हणून उदाहरणं आपल्या गावातली देत असे. बस वेळेवर आली तर ग्लॅड. पेन्शन एक तारखेला जमा झाली तर प्लीज्ड. झालेली बदली रद्द झाली तर डिलाइटेड. मुलाला इंजिनिअरिंगला सीट मिळाली तर थ्रिल्ड, आणि ती डोनेशन न देता मिळाली तर ओव्हरजॉइड. फुलफिल्ड म्हणजे काय ते मला कधीच धड सांगता आलं नाही. तो शब्द रिटायर झाल्यावर वापरायचा असतो, असं सांगून मी वेळ मारून नेत असे.

या शिडीवर चढायला आमची माणसं नाखूश असत, त्याचं कारण मी घरातच पाहिलं होतं. आमचं घराणं म्हैसुरात येऊन पिढ्या झाल्या. घरात मराठी, दारात कानडी, आणि आनंदासाठी दोन्हीकडे मिळून एकच शब्द: परवागिल्ला. म्हणजे ठीक आहे, चाललंय, वाईट नाही. मी बी.ए.ला वर्गात पहिला आलो तेव्हा शेजाऱ्यांनी वडिलांना विचारलं, पोराचं काय झालं? वडील म्हणाले, “परवागिल्ला, पास झाला.” पहिला नातू झाला, तेव्हाही परवागिल्ला. पुढे त्यांना कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, डॉक्टरांनी विचारलं कसं वाटतंय, तर तिथेही परवागिल्ला. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी ते खरं मानलं आणि दोन दिवस वाया गेले.

कारण उघड आहे. सुख बोलून दाखवलं की दृष्ट लागते. आमच्या वर्गात एक रिटायर्ड हेडक्लार्क होते, अमेरिकेत मुलाकडे निघालेले. ‘आय ॲम हॅपी’ एवढं म्हणायला ते महिनाभर तयार नव्हते. ‘माझी काही तक्रार नाही’ इथपर्यंत यायचे आणि थांबायचे. एका गुरुवारी मी त्यांना फारच रेटलं, तेव्हा डोळे मिटून एकदाचं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन जिना चढून आल्या. भर वर्गात नवऱ्यावरून सगळं ओवाळलं आणि खाली गिरणीवाल्याच्या शेगडीत टाकलं. जिन्यातून असा धूर वर आला की वर्गच्या वर्ग खोकत रस्त्यावर उतरला. मिरच्यांचा ठसका बसला म्हणजे दृष्ट लागलेलीच नव्हती, असं मानतात. बाई समाधानाने घरी गेल्या. आमचा तास बुडाला.

यशाची गोष्ट तर त्याहून बिकट. येलवालहून बसने येणारा एक तरुण मला म्हणाला, “सार, सांगायला माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही.” खरंच घडलं नव्हतं. मला त्याची दया आली. मी त्याला एक परिच्छेद लिहून दिला: गावच्या तळ्यात बुडणारं मूल त्याने उडी मारून वाचवलं, वगैरे. तो त्याने पाठ केला, आणि चांगल्या स्वभावाचा असल्यामुळे वर्गातल्या तिघांना वहीतून उतरवून घेऊ दिला. चौघे एकाच बँकेच्या मुलाखतीला, एकाच दिवशी गेले. चौथ्याने मूल पाण्याबाहेर काढल्यावर साहेबांनी चष्मा काढून विचारलं म्हणे, त्या तळ्याकाठी पोहता येणारं एकही मूल नाही का?

चौघांतल्या दोघांना नोकरी लागली. पण मला काही दिवस बँकेवरून जाताना मान खाली घालावी लागे. तेव्हापासून मी ठरवलं की यश खरंच सांगायचं, कितीही लहान असो. फक्त त्याला शेपूट लावायचं नाही. हे शेपूट म्हणजे ‘बट’. आमचा माणूस एखादी चांगली गोष्ट कशीबशी सांगून झाला की लगेच ‘बट’ म्हणून तिची भरपाई करतो. मी परीक्षेत पहिला आलो, बट पेपर सोपे होते. मी घर बांधलं, बट पायऱ्या अरुंद झाल्या. यावर उपाय म्हणून मी टेबलाच्या कडेला सायकलची घंटी बसवून घेतली. कोणी ‘बट’ म्हणालं की मी घंटी वाजवायचो आणि त्या माणसाने वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं, शेपूट सोडून. ही घंटी गावात बरीच गाजली. मला तिचा फार अभिमान होता, हे कबूल करतो.

त्या घंटीच्या भरभराटीच्या काळात गिरिजाबाई माझ्याकडे आल्या.

वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगावर इस्त्रीची सुती साडी, आणि पदराला टोचलेली एक सुई, दोरा ओवलेली. आपल्याकडे विठ्ठलाचं भजन करणारी जी जुनी शिंपी घराणी आहेत, त्यातल्या एका घरच्या. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. चामराजपुरमला दिराच्या घरात राहायच्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन होतं आणि त्यावर त्यांचं सगळं चालत होतं. आता दिराच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि ती खोली नव्या जोडप्याला द्यायची होती. बाईंना कोणी ‘जा’ म्हटलं नव्हतं. घर चांगलं होतं. रोज जेवताना कोणी ना कोणी फक्त एवढं विचारायचं, की मशीन कुठे ठेवायचं?

गावातल्या एका मोठ्या हॉटेलात युनिफॉर्म रूमसाठी सुपरवायझर हवी होती. दरवान, वेटर, माळी, सगळ्यांचे कपडे शिवून, दुरुस्त करून तयार ठेवायचे. हॉटेलच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं. मुलाखत इंग्रजीतून, कारण मॅनेजर उत्तरेकडचा होता.

“सार, खरं सांगू? मला नोकरीचं तेवढं काही नाही,” बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “मला मशीनला जागा पायजे. त्याच्याबरोबर नोकरी येत्ये, तर येऊ दे.”

“असं तिथे बोलू नका,” मी म्हणालो.

“सरी, बरं. मग काय बोलायचं ते तुम्ही शिकवा.”

शिकायला त्या हुशार होत्या. एस.एस.एल.सी.पर्यंतचं इंग्रजी पोटात होतंच. पंधरा दिवसांत त्या गिरणीच्या वरताण आवाजात बोलू लागल्या. पहिल्या शुक्रवारी यश सांगायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की मी बारा दिवसांत एकशे दहा शाळकरी युनिफॉर्म शिवले. वर्ग थक्क झाला. मी शाबास म्हणणार, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, “बट थर्टीन पॉकेट्स आर नॉट स्ट्रेट.”

मी घंटी वाजवली.

“बाई, खिशांचं तुम्हाला कोणी विचारलं होतं का?”

“अय्यो, विचारल्यावर सांगायचं मंजे चोरी पकडल्यावर सांगायचं झालं ना सार,” बाई म्हणाल्या. “आमच्यात कपडा देताना आधी खोट सांगायची. माझा सासरा गिऱ्हाइकाला कोट घालून आरशासमोर उभा करायचा आणि म्हणायचा, हे बघा, इथे माझं चुकलंय. मगच घडी करून द्यायचा.”

“आणि गिऱ्हाईक पळून जायचं.”

“अल्ला सार, तसं नाही. त्याची पोरं, नातवंडं सगळी आमच्याकडेच यायची.”

“ते दुकान होतं, बाई. ही मुलाखत आहे. मुलाखतीत आपला फाटका खिसा आपणच उलटा करून दाखवायचा नसतो.”

वर्ग हसला. बाईही हसल्या. मी वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि त्यांनी ते शेपूट सोडून म्हटलं. म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू काही घरात गॅस चालू राहिलाय आणि आपण बाहेर पडलोय.

पुढे दोन महिने त्यांच्यासाठी मी घंटी इतकी वाजवली की तिची स्प्रिंग बदलावी लागली. लग्नाचा ब्लाउज शिवला, बट डावी बाही. दिराच्या होणाऱ्या सुनेच्या माहेरचे पडदे शिवले, बट एक फूल उलटं आलं. त्या बाईला दोष दिसायचा, आणि दिसला की सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. समोर बसलेल्याच्या शर्टाची शिवण उसवलेली असली तरी त्यांचं धड्यातलं लक्ष उडायचं. एकदा त्यांनी माझ्याच कॉलरकडे टक लावून पाहिलं. मी विचारलं काय? म्हणाल्या, “काही नाही सार, आय ॲम व्हेरी हॅपी.”

हळूहळू घंटी कमी झाली. शेवटच्या आठवड्यात ती एकदाही वाजली नाही. बाई उभ्या राहून आपलं यश सांगायच्या आणि सरळ खाली बसायच्या, मागेपुढे न बघता. मी त्यांना वर्गासमोर आदर्श म्हणून उभं करू लागलो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी त्यांना शेवटचा नियम पुन्हा सांगितला. तोंडातून एकही वाईट वाक्य निघता कामा नये, स्वतःबद्दल नाही, दुसऱ्याबद्दल नाही, त्यांनी दिलेल्या चहाबद्दलसुद्धा नाही.

“आणि त्यांनी काही दाखवलं, कसं आहे म्हणून विचारलं तर?” बाईंनी विचारलं.

“कौतुक करायचं,” मी म्हणालो. “चौथ्या पायरीच्या खाली उतरायचंच नाही.”

हे वाक्य मी बोललो. त्याला आज कितीही वर्षं झाली असली तरी ते माझंच आहे.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी बाई साडेपाचलाच आल्या. खाली गिरणी अजून सुरू झाली नव्हती, वर्गात मी एकटाच होतो. त्या बाकावर बसल्या. तोंडावरून मला काहीच कळेना.

“सगळं आलं सार,” त्या म्हणाल्या. “आनंदाचं विचारलं, आलं. यशाचं विचारलं, एकशे दहा युनिफॉर्म सांगितले. खिशांचं नाही सांगितलं.”

“मग?”

“मग त्यांनी कपाटातून एक कोट काढला. दरवानाचा, बंद गळ्याचा. मरून रंगाची मखमल, गळ्याला जरीची पट्टी. टेबलावर पसरला आणि म्हणाले, हा कसा वाटतो?”

“मग?”

“सार, दारातूनसुद्धा दिसलं असतं. उजवा खांदा खाली. एका बाहीची मखमल उलटी लावलेली, तिची लव वरच्या बाजूला जात होती, उजेडात बाही वेगळ्याच रंगाची दिसत होती. लहान पोराला कळेल. माझ्या तोंडात बट आला. अगदी इथे, दातापर्यंत. आणि कानात तुमची घंटी वाजली.”

माझी नजर टेबलाच्या कडेच्या घंटीकडे गेली.

“मी म्हटलं, इट इज एक्सलंट, आय ॲम डिलाइटेड. ते म्हणाले, नीट बघा, हात लावून बघा. मला वाटलं, कमी पडलं वाटतं. मी एक पायरी वर गेले. थ्रिल्ड म्हटलं.”

मॅनेजरने कोटाची घडी केली आणि आभार मानले. बाईंच्या मागून एक म्हातारा शिंपी आत गेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पाच मिनिटांत बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना त्याचा आवाज ऐकू आला: “शोल्डर राँग सार! शोल्डर राँग!” नोकरी त्याला मिळाली. दोन शब्दांत. मी बाईंचे तीन महिने घेतले होते.

मला लाज वाटली. अगदी साधी आणि अगदी पुरती. म्हणून मी आधी मॅनेजरवर राग काढला. असा कोणी कोट पुढे करतो का, ही काय परीक्षा घ्यायची रीत झाली, असं बरंच काही बोललो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“त्यांचं बरोबर होतं,” त्या म्हणाल्या. “शिंप्याला कोटच दाखवणार. पुस्तक दाखवणार काय?”

तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि मुलं जिना चढून येऊ लागली. बाई पाठीमागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवशीचा धडा कोणता होता ते मला आठवत नाही. मी वहीत बघून वाचून दाखवला एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात गेलो. मॅनेजर सज्जन निघाला. त्याने बसवलं, चहा मागवला. मी त्याला सगळं सांगितलं, की त्या बाईला दोष दिसत नव्हता असं नाही, तो न सांगायचं मी शिकवलं. चूक माझी आहे, तिची नाही. तो ऐकत होता. मग म्हणाला, “तुमच्या विद्यार्थिनीइतकं चांगलं इंग्रजी आमच्या रिसेप्शनवरसुद्धा कोणी बोलत नाही. मला मात्र कोट बघून तोंड वाकडं करणारा माणूस हवा होता.” जागा भरली होती. नेमणुकीचं पत्र निघालं होतं. चहा कसा आहे, असं त्याने उठताना विचारलं. मी एक्सलंट म्हणालो. चहा पार थंड झाला होता.

लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. चामराजपुरमच्या घरात पुढच्या खोलीला रंग लागला. गिरिजाबाईंचं मशीन तात्पुरतं न्हाणीघराच्या बोळात नेऊन त्यावर चादर टाकली होती, हे मला दुसऱ्याकडून कळलं. बाई वर्गात येईनात. मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. जाऊन काय सांगणार होतो? माझ्याकडचे सातही शब्द त्या बोळात उपयोगाचे नव्हते.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगीच आशा नको. नोकरी गेली ती गेलीच. क्वार्टर त्या म्हाताऱ्या शिंप्याला मिळालं. पण लग्नाच्या आधी दोन दिवस हॉटेलची गाडी येऊन मशीन घेऊन गेली. युनिफॉर्म रूमच्या खिडकीपाशी त्याला जागा मिळाली आणि बाईंना कपड्यामागे पैसे या बोलीवर दुरुस्तीचं काम. पहिला कपडा तो मरून कोट. त्या सकाळी जायच्या, संध्याकाळी परत यायच्या आणि दिराच्या घरी स्वयंपाकघरामागच्या खोलीत झोपायच्या. मशीनला जागा मिळाली, बाईंना नाही. म्हाताऱ्या शिंप्याचं आणि त्यांचं चांगलं जमलं. दिवसभर एकमेकांच्या शिलाईतल्या चुका काढत दोघं कानडीतून भांडत, आणि मॅनेजर त्यांच्या दारावरून खुशीत जात असे, असं ऐकलं.

आणि माझी घंटी? वाटेल कोणाला की मी ती काढून टाकली असेल. नाही काढली. बँकेला आणि अमेरिकेला जाणाऱ्यांना तिची गरज होती, आणि वर्गात नवीन येणारे तर तिच्याचसाठी येत. फक्त नवीन माणूस आला की मी आधी विचारू लागलो, तुम्ही करता काय, आणि ते तुम्हाला कोणी शिकवलं. एवढं विचारायला मला इतकी वर्षं लागली. कुणाच्या तोंडातला ‘बट’ काढून टाकताना त्याच्याबरोबर आणखी काय निघून येतंय, हे आधी बघायला हवं होतं.

आता ज्या पत्रामुळे ते सगळं घडलं, ते पत्र. हॉटेलची गाडी यायच्या आधीचं.

मुलाखतीनंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी बाई अचानक जिना चढून आल्या. हातात रेघांच्या वहीतला दुहेरी कागद. म्हणाल्या, “मॅनेजरला पत्र लिवलंय सार. स्पेलिंग तेवढं बघा.”

“कशाबद्दल?”

“कोटाबद्दल.”

मी लाल पेन उघडलं आणि वाचू लागलो. पहिली ओळ अशी होती: ‘डियर सर, आय ॲम डिलाइटेड टू इन्फॉर्म यू दॅट युअर कोट हॅज फाइव्ह मिस्टेक्स.’ खाली एक ते पाच आकडे घालून पाच दोष. उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. डाव्या बाहीची मखमल उलटी लागली आहे. कॉलर मानेपासून सुटते. अस्तर आखूड बेतल्यामुळे पाठ वर ओढली जाते. चौथं काज बटणापेक्षा मोठं आहे. हात लावायला मिळाला तो मिनिटभर, आणि तेवढ्यात बाईंनी ते सगळं पाहून ठेवलं होतं. शेवटी एकच ओळ होती, की कोट फेकू नका, तो वाचू शकतो. शिकवलेल्या वाक्यांतलं एकही वाक्य नव्हतं. इंग्रजी सरळ आणि स्वच्छ होतं.

“बाई, पत्र उत्तम आहे,” मी म्हणालो. “फक्त पहिल्या ओळीत डिलाइटेड बसत नाही. चूक कळवायची असली की ‘आय ॲम सॉरी’ लिहायचं असतं.”

“सॉरी कशाला सार?”

“त्यांच्यासाठी वाईट बातमी आहे ना.”

“त्यांच्यासाठी असेल. लिवणारी मी आहे ना?” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, पण त्या माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होत्या. “सार, रागावू नका. तीन महिने मी इथे उभी राहून डिलाइटेड, डिलाइटेड म्हटलं. तुम्ही शाबास म्हणालात. एकदा पण मी तशी नव्हते. काल दुपारी मशीनवरची चादर काढली, त्याच्यावर कागद ठेवला आणि हे पाच लिवले. एक, दोन, तीन करत पाचव्याला आले, आणि तशी झाले सार. खरंच झाले. सहावा मिळतो काय म्हणून बघत बसले. आता तुम्ही म्हणता, तिथे सॉरी लिवा.”

त्या पत्रात स्पेलिंगच्या तीन चुका होत्या. त्या मी सुधारल्या. डिलाइटेडला हात लावला नाही.